मीठ, गंज आणि चार चाकं

परवा आमच्याकडे एक नागपूरचा मुलगा जेवायला आला होता. मिशिगनमधला पहिला हिवाळा, डोक्यावर शिक्षणाचं कर्ज. वरणभात संपायच्या आत विषय निघाला. "काका, सहा हजार डॉलर आहेत. फोर व्हील ड्राइव्ह एसयूव्हीच घेणार. बर्फात फार भीती वाटते." आणि कारफॅक्सचा अहवाल पुढे केला. अपघात नाही, मालक एकच.

मी विचारलं, "गाडीखाली आडवा होऊन बघितलंस का?" तो हसला. त्याला वाटलं काका गंमत करतायत.

मंडळी, कारफॅक्सच्या कागदावर गंज दिसत नाही. आमच्या डेट्रॉईट शहराच्या खाली हजाराहून जास्त फुटांवर चक्क मिठाची खाण आहे, आणि रस्त्यांवर मीठ ओतण्यात इकडे कोणी काटकसर करत नाही. ते मीठ गाडीच्या पोलादी सांगाड्यात जाऊन बसतं. टोयोटासारख्या टोयोटालासुद्धा टकोमा, टुंड्रा आणि सिकोयाच्या गंजलेल्या सांगाड्यांपायी २०१६ साली सुमारे १५ लाख गाड्यांसाठी कोर्टात तडजोड करावी लागली. तेव्हा नावावर जाऊ नका.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. इथे आलो तेव्हा मीही एका डीलरकडून चकाचक एसयूव्ही घेतली होती. दोन हिवाळ्यांनंतर मेकॅनिकने ती लिफ्टवर चढवली, सांगाड्याला स्क्रू ड्रायव्हर टोचला आणि तो आरपार गेला! काचेवर 'अ‍ॅज इज'चा कागद होता, मी सहीपण केली होती. म्हणजे गाडी दारातून बाहेर पडली की दुखणं तुमचं. भांडणार कोणाशी?

दुसरी गोष्ट. फोर व्हील ड्राइव्ह गाडी हलवते, थांबवत नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारी चाकांवर असतात. बर्फात थांबवतं ते टायरचं रबर. साधी फ्रंट व्हील ड्राइव्ह कार आणि चार चांगले स्नो टायर, एवढ्यावर शहरातल्या माणसाचा हिवाळा निघतो, असं माझं स्पष्ट मत आहे. (बायकोचं मत वेगळं आहे. ती उंच गाडीत बसते.)

तरीही हट्टच असेल, तर पार्ट टाइम प्रकार कोरड्या रस्त्यावर गुंतवून चालवायचा नाही, कारण वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि मधला ताण गिअरवर येतो. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये चारी टायर सारखेच झिजलेले लागतात. एक फाटला की बहुधा चारांचा खर्च. सहा हजारांत हा खर्च कोण धरतो? म्हणून पाच हजारांची गाडी बघ, एक हजार हातात ठेव, आणि शंभर-दीडशे देऊन आपल्या मेकॅनिककडून तपासून घे, असं त्याला सांगितलं. विकणारा तपासू देत नसेल तर तिथेच रामराम.

शनिवारी दोघं गेलो. गाडी धुतलेली, खालून ताजा काळा रंग मारलेला. मी काही बोललो नाही. पोरगा टॉर्च घेऊन स्वतःच खाली सरपटला, नखाने खरवडलं, आणि बाहेर आला तेव्हा तळहातावर तपकिरी पापुद्रे होते.

"चला काका," म्हणाला.