तारनाक्याची वेल

हैदराबादच्या तारनाका या वसाहतीच्या नावातील ‘तार’ आणि ‘नाका’ हे दोन्ही शब्द मराठी माणसाला परके नाहीत. निजामी अमदानीत तेथे फळबागेला काटेरी तारेचे कुंपण होते आणि राखणीचा नाका होता, त्यावरून हे नाव रूढ झाले असे सांगतात. पुढे राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून नावारूपास आलेली प्रयोगशाळा १९५८ साली कुन्नूरहून हैदराबादेत आली आणि याच परिसरात विस्तारली. २०१७ साली मेट्रो आली. बाग गेली, घरे आली. कुंपणे मात्र राहिली. त्या कुंपणांवर कोणती वेल चढवावी, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

प्रश्न क्षुल्लक नव्हे. जांभळ्या फुलांची वेल हवी म्हटले की रोपवाटिकेतून बोगनवेल येते किंवा लसूणवेल. दोन्ही मूळच्या दक्षिण अमेरिकेच्या. परदेशी वनस्पतींविषयी आमच्या मनात आकस नाही; पोर्तुगीज जहाजांतून आलेले काजू आणि मिरची ज्यांच्या ताटात आहेत, त्यांना तो शोभणारही नाही. आमची खंत निराळी आहे. समुद्रशोक ही अस्सल भारतीय वेल आपण विसरत चाललो आहोत. हृदयाच्या आकाराची वीतभर रुंद पाने, पानांच्या पाठीवर चंदेरी लव आणि पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत येणारी, गळ्याशी गडद होत जाणारी जांभळट गुलाबी फुले, हे तिचे रूप आहे. आयुर्वेद तिला वृद्धदारुक म्हणतो व तिचे मूळ औषधात वापरतो.

हीच वेल परदेशी गेली, हवाई बेटांत रुजली आणि जगाच्या बाजारात त्या बेटांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या बियांत मेंदूवर परिणाम करणारी विषारी द्रव्ये आहेत; त्या बिया आज त्या परक्या नावानेच नशेसाठी विकल्या जातात. समुद्रशोक म्हणून जिला ओळखणाऱ्यांना औषध ठाऊक होते, तिचे केवळ नवे नाव ऐकणाऱ्यांना नशाच ठाऊक होते. अंगणातून वेल जाते, मग जिभेवरून नाव जाते आणि नावामागोमाग शहाणपणही जाते.

म्हणून ही वेल लावावी, पण जाणतेपणाने लावावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. बियांचे कठीण कवच किंचित घासून त्या रात्रभर पाण्यात भिजवाव्यात व पावसाच्या आरंभी पेराव्यात. वेल जोमदार असल्यामुळे नाजूक जाळीऐवजी भक्कम मांडव द्यावा, लहान झाडांपासून ती दूर ठेवावी आणि बहर सरताच छाटावी. घरात मुले असतील तर फळे पिकण्यापूर्वीच खुडून टाकावीत आणि त्याचे कारण मुलांना समजावून सांगावे.

तारनाक्यासारख्या वसाहतींत विद्येची मंदिरे आहेत. त्यांनी आपल्या कुंपणावर ही वेल चढवून शेजारी नावाची पाटी लावली, तर जाणारा-येणारा ती वाचील. आणि आपण किनाऱ्यावरची माणसे? जिच्या नावातच समुद्र आहे, ती वेल आपल्यापैकी कितीजणांच्या परसात आहे, हे प्रत्येकाने एकदा आपल्या कुंपणाकडे पाहून स्वतःलाच विचारावे.