मानेच्या पिळावर विषाचा उतारा

इ. स. १८९५ साली बेल्जियममधील एलझेल या खेड्यात एक अंत्यविधी झाला. तेथे वाजंत्र्यांनी मिठात मुरविलेले डुकराचे मांस खाल्ले. लवकरच कुणाला एकाचे दोन दिसू लागले, कुणाला घास गिळवेना, तिघे दगावले. त्या मांसातून प्राध्यापक व्हान एर्मेंजेम यांनी रोगजंतू हुडकून काढला. त्या जंतूचे बोट्युलिनम नावाचे विष जगातील अतिजहाल विषांपैकी एक होय. हेच विष आज डॉक्टर रोग्याच्या मानेत टोचतात, असे सांगितल्यास वाचकांस आमच्या शुद्धीविषयीच शंका यावयाची!

काहींच्या मानेचे स्नायू त्यांच्या इच्छेवाचून आवळतात. मान एका खांद्याकडे वळते, मागे ओढली जाते किंवा सारखी हलत राहते. बहुतेकांना वेदनाही होतात. या विकारास सर्व्हायकल डिस्टोनिया म्हणतात. त्याचे मूळ मेंदूच्या कार्यातील बिघाडात असते. नवल असे की, हनुवटीला नुसते बोट लावताच पुष्कळांची मान क्षणभर सरळ होते. मग घरचेच म्हणतात, "पाहा, सारे ढोंग!" वस्तुतः ही या रोगाची ओळखीची खूण आहे. शेजारीपाजारी दृष्ट काढतात, मान पिरगळून सरळ करू पाहतात, आणि बिचारा रोगी चारचौघांत जाणेच सोडतो. आम्हांस या विकारापेक्षा हा छळ अधिक दुःखद वाटतो.

मज्जातंतूच्या टोकाकडून स्नायूला आवळण्याचा निरोप एका रसायनामार्फत पोहोचतो. बोट्युलिनम हा निरोप अडविते. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रवैद्य अ‍ॅलन स्कॉट यांनी १९७० नंतरच्या दशकात तिरळेपणावर त्याचा उपयोग करून पाहिला. मानेच्या या विकारासाठी अमेरिकेत त्यास २००० साली मान्यता मिळाली. मात्रा अत्यल्प असते, आणि ती नेमक्या आवळलेल्या स्नायूंतच टोचतात.

गुण येण्यास काही दिवस, क्वचित दोन आठवडे लागतात. म्हणून दुसऱ्याच दिवशी निराश होऊ नये. सुमारे तीन महिन्यांनी निरोप पुन्हा पोहोचू लागतो आणि इंजेक्शन परत घ्यावे लागते. रोग समूळ जात नाही, आणि औषध महागही आहे. गिळण्यास त्रास, तोंडाला कोरड, मानेस अशक्तपणा असे उपद्रव संभवतात. तेव्हा मज्जारोगाच्या जाणत्या डॉक्टरांकडेच जावे. श्वास अडू लागल्यास किंवा घास घशाखाली उतरेनासा झाल्यास सकाळची वाट न पाहता रात्रीच इस्पितळ गाठावे.