कायदा होण्याआधी आपला कागद पोहोचला पाहिजे



समाजासमाजांत विष कालवणाऱ्या भाषणांना आळा घालणारा कडक कायदा हवा, अशी मागणी आपल्या वस्त्यांतल्या बैठकांत नेहमी होते. ती रास्तच आहे. जातीवरून अपमान म्हणजे काय, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. तरीही आम्ही म्हणतो की कायदा मागताना तो कोण करणार आणि कोणाला विचारून करणार, हेही त्याच दमात विचारले पाहिजे.

आताचेच उदाहरण घ्या. डिसेंबर २०२५ मध्ये बेळगावच्या अधिवेशनात कर्नाटक सरकारने द्वेषभाषणाविरुद्ध वेगळे विधेयक आणले. पहिल्याच गुन्ह्याला सात वर्षांपर्यंत कैद त्यात होती. १८ डिसेंबरला विधानसभेत ते गोंधळातच संमत झाले. हेतू चांगला असेल. पण ज्या कायद्याने माणूस सात वर्षे तुरुंगात जाऊ शकतो, त्यावर सभागृहात धड चर्चा होऊ नये, हे लोकशाहीला शोभत नाही.

असा कायदा आपल्याला ढाल आहे, तसा तो आपल्यावरही उलटू शकतो. दोन्ही बाजू पाहा. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने चारचौघांत जाणूनबुजून केलेला अपमान गुन्हा ठरला. १९९० मध्ये बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. २०१५ च्या दुरुस्तीने आपल्याविरुद्ध द्वेष पसरवणे आणि आपल्याला आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीची विटंबना करणे, हेही गुन्हे झाले. ही ढाल आपल्या हातून जाता कामा नये.

आता दुसरी बाजू. १९८७ साली महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा चौथा खंड काढला. त्यातील राम आणि कृष्णावरच्या परिशिष्टामुळे भावना दुखावल्या, अशी ओरड झाली. शिवसेनेने मोर्चे काढले आणि परिशिष्ट गाळण्याची भाषा सरकारी पातळीवर सुरू झाली. तेव्हा ५ फेब्रुवारी १९८८ रोजी मुंबईत आपला अफाट मोर्चा निघाला. परळ-लालबागच्या चाळींतली वडीलधारी माणसे आजही त्याच्या आठवणी सांगतात. अखेर बोलणी झाली. परिशिष्ट राहिले, आणि त्यातील मतांशी शासन सहमत नाही, अशी तळटीप आली. बाबासाहेबांचा शब्द वाचला आणि ज्यांना तो पटत नव्हता त्यांचे म्हणणेही नोंदले गेले. मात्र ‘भावना दुखावणे’ एवढ्यावरच शिक्षा देणारा कायदा त्या वेळी कोणाच्या हाती असता, तर तो कोणावर चालला असता, याचा विचार आपणच करावा.

म्हणून माणसाचा द्वेष आणि विचारांची चिकित्सा यांतली रेघ कायद्यात स्पष्ट हवी. धर्मग्रंथावर टीका करणे वेगळे. अमुक समाजाला मारा, हाकला, त्याच्यावर बहिष्कार टाका, असे सांगणे वेगळे.

दुसरी गोष्ट किल्लीची. कायदा पूर्वीही होता. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींच्या काळात ‘सामना’त आलेल्या लेखांबद्दल खटला भरावा, यासाठी माजी मुख्य सचिव जे. बी. डिसूझा उच्च न्यायालयात गेले. लेख एकूण पाहता कलमात बसत नाहीत, असे म्हणून १९९४ मध्ये याचिका फेटाळली गेली. अशा खटल्याला सरकारची पूर्वमंजुरी लागते. नव्या भारतीय न्याय संहितेत १५३-अ चे १९६ झाले, तरी मंजुरीची अट कायम आहे. २८ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना बजावले की तक्रारीची वाट न पाहता, बोलणाऱ्याचा धर्म न पाहता गुन्हा नोंदवा. पण गुन्हा नोंदला तरी पुढची किल्ली सरकारच्याच खिशात राहते.

मग सामान्य माणसाने काय करावे? हरकती व सूचना पाठवाव्यात. महाराष्ट्राचे जनसुरक्षा विधेयक द्वेषभाषणाचे नव्हते, पण त्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. ते संयुक्त समितीकडे गेले आणि लोकांकडून १२ हजारांहून अधिक सूचना आल्या. जुलै २०२५ मध्ये ते संमत होण्यापूर्वी काही शब्द बदलले, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. अनेकांचे मूळ आक्षेप तसेच राहिले, हेही खरे. तरी कागद गेले म्हणून एवढे तरी हलले. केंद्राने २०१४ मध्येच ठरवले आहे की विधेयकाचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा. राज्याकडेही आपण तेच मागावे, आणि तो मसुदा मराठीत मागावा.

आम्ही कचेरीत टपाल हाताळणारी माणसे. म्हणून थोडे अनुभवाचे सांगतो. सूचना एका पानात लिहा. कोणते कलम, त्यातला कोणता शब्द खटकतो आणि त्या जागी काय हवे, एवढेच लिहा. विहारातल्या रविवारच्या बैठकीत ती मोठ्याने वाचा. महिला मंडळाच्या सह्या आधी घ्या, कारण नळावर आणि कारखान्याच्या दारात अपमान त्यांनीच जास्त ऐकला आहे. कागद देताना प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायला विसरू नका. पोच नसलेला कागद हरवला तर दाद कोणाकडे मागणार?

मोर्चाने दार उघडते. आत बसून कलम बदलून घ्यायचे काम कागद करतो. बाबासाहेबांनी आपल्याला दोन्ही शिकवले आहे. यापुढे असा मसुदा येईल तेव्हा आपल्या प्रत्येक वस्तीतून निदान एक तरी कागद गेलाच पाहिजे.