‘ठक्’ कधी होतं?

दुखरी दाढ डेंटिस्टच्या खुर्चीत बसलं की गप्प होते. गाडीतल्या ‘ठक्’ आवाजाचंही तसंच. आठवडाभर छळतो, आणि सर्व्हिस सेंटरच्या गेटातून आत शिरलं की गाडी एकदम शहाणी. ॲडव्हायझर शेजारी बसून एक चक्कर मारतो, ‘काहीच नाही ना सर!’ म्हणतो, आणि वेडे आपण ठरतो. त्यात गाडी फोर-बाय-फोर असेल तर विचारूच नका. गिअरबॉक्सच्या जोडीला ट्रान्सफर केस, एका प्रॉपेलर शाफ्टऐवजी दोन, एका डिफरन्शियलऐवजी दोन. खडखडायला जागाच जागा!

अशा वेळी आपण सगळेच एक प्रश्न विचारतो: आवाज येतो कुठून? थार, जिप्सी, बोलेरो असल्या गाड्यांमध्ये बॉडी एका लांबलचक लोखंडी चासीवर बसवलेली असते. मागच्या एक्सलपाशी झालेला ठोका त्या लोखंडातून प्रवास करत थेट तुमच्या सीटखाली वाजतो. मग ‘पुढून डावीकडून येतो बहुतेक’ असं आपण सांगतो, मेकॅनिक बिचारा पुढचे शॉकअप बदलतो, बिल भरून आपण बाहेर पडतो आणि पहिल्याच सिग्नलला... ठक्! विचारायचा प्रश्न वेगळा आहे. आवाज येतो कधी?

हे तपासायला नागपूरकरांसाठी एक झकास टेस्ट ट्रॅक आहे, आणि तो पिकनिक स्पॉटही आहे. पवनी! उमरेड, भिवापूर करत जेमतेम ८०-८५ किलोमीटर. वैनगंगेचे घाट, जगन्नाथ टेकडीवरचे प्राचीन स्तूपाचे अवशेष, जवळच गोसीखुर्दचं धरण, आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य. (‘जय’ वाघ २०१३ मध्ये नागझिऱ्याहून चालत इथेच आला होता. २०१६ च्या एप्रिलनंतर तो कुणाला दिसला नाही.) जंगलात सफारीची जिप्सीच घ्या. आपल्या गाडीसाठी गावाबाहेरचे मुरमाचे रस्ते पुष्कळ आहेत. हायवेचं डांबर, गावातले स्पीडब्रेकर, मुरूम, एखादा ओढा, सगळं एका दिवसात मिळतं.

निघण्याआधी मात्र एक काम. गेल्या चार-आठ दिवसांत पंक्चर काढलंय? चाक उतरवलं होतं? मग आधी व्हील नट तपासा. ढिल्या नटांचा आवाज अगदी ‘ठक्’सारखाच येतो, आणि या यादीतला हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जीवघेणा बिघाड आहे. चाक बसवल्यावर ५०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायचे असतात, हे आपल्यापैकी कितीजण करतात, देव जाणे. मग डिकी रिकामी करा. जॅक, पाना, स्टेपनी आणि सीटखाली लोळणारी पाण्याची बाटली. हसू नका, कित्येक ‘सस्पेन्शन प्रॉब्लेम’ हे बिसलेरीचे निघतात.

आता रस्त्यावर. समजा मुरमावर तुम्ही हौसेने फोर-व्हील टाकलं (टाकणारच, त्यासाठीच तर पैसे मोजलेत!) आणि परत डांबरावर येताना लिव्हर तसाच राहिला. आपल्याकडच्या बहुतेक फोर-बाय-फोर ‘पार्ट टाइम’ असतात, म्हणजे ४एच टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच गतीने फिरायला बांधले जातात. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मुरमावर चाक थोडं घसरतं आणि हिशेब मिटतो. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नाही, मग तो ताण शाफ्ट आणि गिअरमध्ये साठत जातो. स्टिअरिंग जड होतं, यू-टर्न मारताना गाडी अडल्यासारखी वाटते आणि साठलेला ताण सुटतो तो ‘ठण्’ करून. इथे बिघाड काहीच नाही. २एच मध्ये या. लिव्हर हट्ट करत असेल तर गाडी सरळ रेषेत थोडी रिव्हर्स घ्या, सुटतो. मात्र हा प्रकार रोजचा झाला तर ट्रान्सफर केसचं बिल येईल, आणि ते बघून तुम्हीच ‘ठण्’ व्हाल.

२एच मध्येही ठक् होतंय? मग उजव्या पायाकडे लक्ष द्या. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना एकदा, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की एकदा, परत दाबला की पुन्हा एकदा, असा आवाज असेल तर संशय प्रॉपेलर शाफ्टवर. गॅरेजच्या भाषेत यूजे क्रॉस, नाहीतर शाफ्टचा पुढे-मागे सरकणारा स्लिप जॉइंट कोरडा पडलेला. ओढ्याच्या पाण्यातून गाड्या नेणाऱ्यांना हे लवकर भेटतं, कारण पाणी आणि चिखल मिळून ग्रीसची वाट लावतात. तपासायचं असं: सपाट जागा, इंजिन बंद आणि गार, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, गाडी न्यूट्रलमध्ये. शाफ्ट हाताने धरून पिळून बघा. क्रॉसच्या दोन्ही बाजू एकत्र किंचित हलल्या तर तो डिफरन्शियलच्या दात्यांमधला नेहमीचा फट, थोडा असतोच. एक बाजू हलली आणि दुसरी जागची ढिम्म, तर क्रॉस गेला. क्रॉसच्या टोप्यांभोवती गंजाची लालसर भुकटी दिसली तरी तेच. (नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही. कधीच नाही.)

उजव्या पायाशी काही संबंध नाही, आवाज फक्त खड्ड्यात? मग पवनीतला स्पीडब्रेकर गाठा. आधी सरळ, दोन्ही चाकं एकदम. मग तिरके, एकेक चाक. सरळ जाताना शांत आणि तिरकं जाताना ठक्ठक् असेल, तर स्टॅबिलायझर बारच्या लिंक आधी बघा, कारण एक चाक वर आणि एक खाली झालं की तो बार पिळतो. जिप्सीसारख्या पाट्यांच्या गाडीत शॅकलचे बुश आणि यू-बोल्ट. दोन्ही वेळा आवाज येत असेल तर शॉकअपचे बुश. ब्रेक दाबल्यावर एकदाच, रिव्हर्समध्ये ब्रेक दाबल्यावर परत एकदाच, तर आर्मचे बुश किंवा ब्रेकचं कॅलिपर.

आणि कधी येतो, कधी येत नाही, हे कोडं? रबराचं बुश पहाटेच्या गारव्यात कडक आणि मे महिन्याच्या दुपारी मऊ. एकटे असताना सस्पेन्शन वेगळ्या उंचीवर, चार मित्र आणि कूलर बॉक्स असताना वेगळ्या. म्हणून शेजारी बसलेल्याला कामाला लावा. मोबाइलवर रेकॉर्ड करायचं आणि सोबत बोलत राहायचं: वेग, गिअर, ब्रेक, वळण, गाडी गार की गरम.

सोमवारी जॉब कार्डवर ‘आवाज येतो’ लिहू देऊ नका. ‘गाडी थंड, दुसरा गिअर, ॲक्सिलरेटर सोडताना एकदा ठक्, खड्ड्यात नाही’ असं लिहायला लावा. आणि टेस्ट ड्राइव्हला मेकॅनिकला शेजारी बसवून स्टिअरिंग तुमच्याच हातात ठेवा, कारण तो आवाज कसा काढायचा हे आता तुम्हाला माहीत आहे.

फक्त एका परिस्थितीत सोमवारची वाट बघू नका. ठक्च्या जोडीला वेग वाढवल्यावर फ्लोअर थरथरत असेल, तर क्रॉस शेवटचे दिवस मोजतोय. हायवेवर शाफ्ट सुटला तर तो गाडीखालीच आपटत राहतो. अशा वेळी उमरेडचा रस्ता धरायचा नाही. पवनीतच मेकॅनिक शोधा, शाफ्ट खोलून बघायला सांगा आणि तोवर घाटावर जाऊन बसा. वैनगंगा छान दिसते संध्याकाळी.