एकटीचे घर आणि बेण्याचा हिशेब

घरातील मुलगा वा मुलगी परगावी नोकरीस राहिली, की चार-सहा वर्षांनी एक प्रश्न उपस्थित होतोच : भाडे कोठवर भरावयाचे? आमच्या कुरुंद्यातील एका परिचित एकत्र कुटुंबात सध्या हाच विषय चालू आहे. घरची कन्या पुण्यास नोकरी करते. दरमहा ८०,००० रुपये तिच्या हातात पडतात व १४ लाख रुपये तिने शिल्लक टाकले आहेत. सदनिका एकटीच्या नावे घ्यावयाची, हे ठरले आहे. वाद उरला आहे तो केवढ्याची घ्यावी एवढाच.

काकांचे म्हणणे असे, की बँक निम्म्या पगाराइतका हप्ता मान्य करीत आहे, तेव्हा ५७ लाखांचे ऐसपैस घर घ्यावे; कमी पडेल ते आपण एकरभर शेत विकून घालू. आजी विचारतात, उद्या लग्न झाले म्हणजे हे कर्ज फेडावयाचे कोणी? दोघांच्याही बोलण्यात माया आहे. हिशेब मात्र कोणी मांडलेला नाही.

दरसाल साडेआठ टक्के व्याज धरल्यास ४०,००० रुपयांच्या हप्त्यावर वीस वर्षांच्या मुदतीने सुमारे ४६ लाख कर्ज मिळते, आणि फेड होते ती ९६ लाखांची! शिवाय हा दर बहुधा बदलता असतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ एवढ्या अवधीत रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहावर नेला, तेव्हा कित्येकांचे हप्ते वाढले, कित्येकांच्या मुदती लांबल्या. दोन मिळवते असतील तेथे एकाची नोकरी गेली तरी दुसरा भार सावरतो. एकटीच्या घरात हा दुसरा नसतो. म्हणून बँक किती देते हा प्रश्न तिने शेवटी विचारावा. मिळकत सहा महिने थांबली तर काय, हा आधी.

आमच्या वसमत तालुक्यातील हळद लावणाऱ्यांस हे शिकवावे लागत नाही. भाव कितीही चढो, पुढील लागवडीचे बेणे बाजूस काढल्यावाचून ते हळद बाजारात नेत नाहीत. त्याच रीतीने येथे मोजू. महिन्याचा खर्च २५,००० व हप्ता २५,००० धरला, तर सहा महिन्यांचे बेणे ३ लाख. ते प्रथम वेगळे ठेवावे. उरलेल्या ११ लाखांत ३६ लाखांचे घर बसते. किमतीचा पाचवा हिस्सा ७,२०,०००, पुण्यात स्त्रीस लागणारे सहा टक्के मुद्रांकशुल्क २,१६,०००, नोंदणी ३०,०००. हा मुद्रांक-नोंदणीचा खर्च बँक सामान्यतः किमतीत धरीत नाही, हे पुष्कळांस आयत्या वेळी कळते. बाकी १,३४,००० किरकोळ खर्चास व भांड्याकुंड्यांस. कर्ज २८,८०,००० चे, आणि हप्ता सुमारे २५,०००. म्हणजे पगाराच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी. मात्र घर बांधून पूर्ण झालेले असावे. अपूर्ण इमारतीत वस्तू व सेवा कराची भर पडते.

३६ लाखांत जागा लहान मिळेल, कचेरीपासून दूरही असेल. पण एकटीस ती पुरते, आणि लहान कर्ज लग्नाच्या आड येत नाही. आजींनी निश्चिंत असावे. नाव मात्र तिचे एकटीचेच असू द्यावे. २०२१ पासून स्त्रीखरेदीदारास मुद्रांकशुल्कात जी एक टक्का सवलत आहे, ती आधारासाठी म्हणून भावाचे नाव जोडताच जाते.

राहिले काकांचे शेत. ते विकू नये. गेलेले शेत परत येत नाही, आणि त्या पैशाने वाढलेल्या घराचा वाढीव हप्ता मुलीसच भरावयाचा असतो. द्यावयाचेच असेल तर हळदीची पट्टी हाती आल्यावर दरसाल यथाशक्ति काही रक्कम मुद्दलात भरण्यासाठी द्यावी. बदलत्या व्याजाचे गृहकर्ज मुदतीपूर्वी फेडणाऱ्या व्यक्तीस बँकेला दंड लावता येत नाही. अशा देण्याने घर मोठे होणार नाही, पण ऋण लवकर फिटेल. आणि माहेरचे शेत जागेवर आहे, याएवढा आधार एकटीने घर करणाऱ्या मुलीस दुसरा कोणता?