बूट दहाचा, चाल हजाराची

2025 साली पोळा 22 ऑगस्टला आला. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणाऱ्या केंद्रीय कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली तीही त्याच दिवशी. मोबाइलवरच्या तीन पत्तीचा बंदोबस्त झाला. फडावरच्या तीन पत्तीला तो कायदा लागू नाही. विदर्भात पोळा आणि पत्ते ही जोडी कोणत्याही ॲपहून जुनी आहे. कुही, उमरेड, भिवापूर या पट्ट्यालाही ती अनोळखी नाही. सणाच्या तोंडावर धाडी पडतात, बावन्न ताशपत्ते, रोकड, मोबाइल आणि दुचाकी असा मुद्देमाल जप्त होतो. पंचनाम्यात दुचाकीची किंमत असते. ती दुचाकी दहा रुपयांच्या बुटापासून, म्हणजे डावाआधी प्रत्येकाने टाकायच्या रकमेपासून, फडावर कशी पोहोचली, हे मात्र कुठेच लिहिलेले नसते.

कायद्याचा प्रश्न वर्षानुवर्षे एकच राहिला आहे: हा खेळ नशिबाचा की कौशल्याचा? आपल्याकडचा 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळाला हात लावत नाही. 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवले आणि तीन पत्तीला नशिबाच्या खात्यात टाकले. नव्या केंद्रीय कायद्याने ऑनलाइनपुरता हा भेद मोडीत काढला, ते बरेच झाले. कारण माणूस बुडतो की तरतो हे पत्त्यांइतकेच, किंबहुना जास्त, पैसे लावण्याच्या नियमावर ठरते.

तीन पत्तीचेच बघा. बावन्न पत्त्यांतून तीन पत्त्यांचे 22,100 हात होतात आणि त्यांत तिकडी, म्हणजे एकाच किमतीचे तीन पत्ते, फक्त 52. बूट रुपयाचा असो की शंभराचा, हे प्रमाण हलत नाही. हलते ती चाल. पत्ते न पाहता खेळणाऱ्याला चालू भाव लागतो, पाहून खेळणाऱ्याला दुप्पट. म्हणजे डोळे मिटणाऱ्याला अर्ध्या भावाची सवलत. प्रत्येकाला आपल्या पाळीला भाव दुप्पट करायची मुभा आहे. दहाचा बूट सात वेळा दुप्पट झाला की 1,280 होतो आणि पत्ते पाहिलेल्याला 2,560 मोजावे लागतात. सहा जणांच्या फडात हे दुसऱ्याच फेरीत होऊ शकते. शिवाय दोघे उरेपर्यंत शो, म्हणजे पत्ते उघडणे, मागता येत नाही, त्यामुळे फेऱ्या किती व्हायच्या याला बंधन नाही.

पोकरमध्ये चालीला हद्द किती, हा फरक नियमांतच लिहून ठेवलेला आहे. समजा, मध्ये 100 रुपये आहेत, खेळणारे दोघे आहेत आणि तीन फेऱ्या उरल्या आहेत. दर फेरीला 20 रुपयेच लावायचे असे बंधन असेल, तर शेवटी प्रत्येकाचे 60 गेलेले असतात. मध्ये जितके तितके लावायची मुभा असेल, तर 100 चे 300, 300 चे 900, 900 चे 2,700 होतात आणि प्रत्येकाचे 1,300 गुंततात. हद्दच नसेल, तर समोरचा सगळी पुंजी एका चालीत मागू शकतो. त्यातही ओमाहा या प्रकारात चार पत्ते हाती येतात, दोन्ही बाजूंचे पारडे सुरुवातीला फारसे झुकलेले नसते. म्हणून तिथे चालीला हद्द असूनही बिनहद्दीच्या टेक्सास होल्डेमपेक्षा चढउतार जास्त बसतात.

आता कौशल्याचे बोलू. शंभरात पंचावन्न डाव जिंकणारा पक्का खेळाडू घ्या, खिशात 5,000 रुपये. डाव दहा रुपयांचा असेल तर तो बुडण्याची शक्यता नसल्यात जमा आहे. डाव 5,000 चा केला, तर शंभरात पंचेचाळीस वेळा तो पहिल्याच हाताला घरी जाईल. तोच माणूस, तेवढीच हुशारी. डाव दहापट केला की प्रत्येक हाताचा चढउतारही दहापट होतो आणि समसमान खेळातही खिसा रिकामा व्हायला साधारण शंभरावा वेळ पुरतो. हुशारीला फळ यायला शेकडो हात लागतात, आणि तेवढे हात खेळायला मिळतात ते ज्याची थैली खोल आहे त्यालाच.

पोळ्याला शेतकऱ्याची थैली कशी असते? रोवणी आटोपलेली, सोयाबीन शेंगेवर, पऱ्हाटी अजून फुटायची आहे. बियाण्या-खताची उधारी डोक्यावर आणि पीक अजून वावरात. हाती रोकड असलीच तर ती बहुधा कर्जाची. अशा माणसाने वर्षातल्या सगळ्यात उथळ खिशानिशी सगळ्यात बिनहद्दीच्या खेळाला बसायचे, असा हा मुहूर्त आहे. फड भरवणाऱ्याला मात्र हद्द नको असते, कारण डाव जितका मोठा तितकी त्याची नाल, म्हणजे डावातून कापलेला हिस्सा, मोठी. जिंकणारा आणि हरणारा रात्रभर बदलत राहतात, नाल काढणारा बदलत नाही.

सणाआधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होतेच. तिथे जुगार वाईट, हे ऐकून ऐकून गुळगुळीत झालेले वाक्य पुन्हा म्हणण्याऐवजी साहेबांनी फळ्यावर 10, 20, 40 लिहीत 1,280 पर्यंत जावे आणि शेजारी नालेचा हिशेब मांडावा. धाडीतही फडावर बसलेल्या चौघांचे फोटो छापण्यापेक्षा फड भरवणारा हाती लागला का, हे आधी सांगावे. पाप-पुण्याच्या उपदेशावर गावात दोन मते पडतात. बेरजेवर पडत नाहीत.