डोळ्यांनी ऐकणारी माणसे

आमच्या डोंबिवलीच्या घरात दोन वर्षांपूर्वी एक पेटी आली. बाहेरून जुन्या रेडिओसारखी, उचलायला गेलो तर कंबर धरेल इतकी जड. धाकट्या कन्येने नोकरीतल्या पहिल्या वर्षाच्या शिलकीतून घेतलेला हा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर. मागच्या जाळीतून डोकावलो आणि जागच्या जागी थांबलो. आत पाच काचेच्या नळ्या नारिंगी उजेडात तेवत होत्या. व्हॉल्व्ह! ज्यांना आम्ही साठ-सत्तरच्या दशकात रेडिओतून निरोप दिला, ते पाहुणे अर्ध्या शतकाने पुन्हा घरात आले होते.

मी एका कारखान्याच्या टेस्टिंग विभागात तीस वर्षे काढली. आवाज मोजणे हाच माझा धंदा. त्यामुळे हा विषय आपल्या हातचा आहे, असे मला वाटले. पुढचे तीन महिने माझा आणि कन्येचाही गैरसमज उतरवण्यात गेले. ती हकिगत सांगतो, कारण तिचा संबंध फक्त गिटारशी नाही.

या पेटीची गंमत अशी की ती मोठ्या आवाजात वाजली तरच खुलते. व्हॉल्व्हला झेपेल त्याहून जास्त जोराचा संदेश दिला की लाटेचा माथा कापला जातो. पण चाकूने कापावा तसा नाही, पाण्याने दगड झिजावा तसा हळूहळू. त्यातून मूळ स्वराबरोबर त्याचे उपस्वर जागे होतात आणि आवाजाला खरखरीत, उबदार धार येते. इंग्रजीत याला ‘ओव्हरड्राइव्ह’ म्हणतात. आमच्या कारखान्यात याच गोष्टीला ‘डिस्टॉर्शन’ म्हणत आणि असा माल ‘रिजेक्ट’चा शिक्का मारून परत पाठवत!

अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये या दोषाचा गुण झाला, तोही अपघाताने. १९५१ सालच्या ‘रॉकेट ८८’ या गाण्यात वाटेत बिघडलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज तसाच ध्वनिमुद्रित झाला. तो लोकांना आवडला. १९५८ मध्ये लिंक रे याने ‘रंबल’साठी अ‍ॅम्पच्या स्पीकरला पेन्सिलीने भोके पाडली. १९६४ मध्ये ‘द किंक्स’च्या डेव्ह डेव्हिसने तर स्पीकरचा कागद पात्याने फाडला. १९६६ मध्ये लंडनच्या स्टुडिओत एरिक क्लॅप्टनने आपला मार्शल अ‍ॅम्प मोठ्या आवाजावर ठेवूनच वाजवला आणि पुढच्या कैक पिढ्यांना त्या आवाजाचे वेड लागले.

आपल्याकडच्या वाचकांनी नाक मुरडण्याआधी तंबोरा आठवावा. मिरजेचे कारागीर घोडीला नेमका उतार देऊन जवारी काढतात आणि तारेखाली एक साधा दोरा सरकवतात. तार घोडीला जाता-येता शिवते, तिची ‘शुद्ध’ लाट बिघडते आणि त्या बिघडण्यातूनच उपस्वरांचा तो झंकार उठतो. दोरा काढून घ्या, तंबोरा मुका होतो. तेव्हा बिघाड कुठला आणि संस्कार कुठला, हे माझ्यासारख्या टेस्टिंगवाल्याने ठरवायचे नसते.

पण लंडनचा स्टुडिओ वेगळा आणि डोंबिवलीचा दोन खोल्यांचा फ्लॅट वेगळा. अ‍ॅम्प पंधरा वॅटचा. ‘तीसच्या निम्मा, म्हणजे आवाजही निम्मा’, असे कन्येला वाटले होते. कानाचे गणित तसे नसते. आवाज दुप्पट वाटायला शक्ती साधारण दहापट लागते. तीस आणि पंधरा वॅटमधला फरक कानाला जेमतेम जाणवतो. बटण अर्ध्यावर गेले आणि खालच्या मजल्यावरच्या काकू चप्पल न घालताच वर आल्या. त्यांचे चुकले नव्हते.

यावरचा उपाय म्हणजे ओव्हरड्राइव्ह पेडल. साबणाच्या डबीएवढी धातूची डबी, नऊ व्होल्टवर चालणारी, पायाने दाबायची. गिटार आणि अ‍ॅम्प यांच्या मध्ये ती बसते. वर बहुधा तीन बटणे: ड्राइव्ह, टोन आणि लेव्हल. कन्येने सहा आठवडे रात्री जागून माहिती गोळा केली आणि शेवटी एका नावाजलेल्या घराण्यातले पेडल मागवले. थोर थोर वादकांच्या पायाशी असलेले, सगळ्यांनी शिफारस केलेले. ते आले, जोडले, वाजले. आवाज पातळ, नाकातून बोलल्यासारखा. तिने बटणे फिरवून पाहिली, तारा बदलल्या. आठवड्याने गिटार पिशवीत गेली. चौकशी केली तर म्हणाली, “पेडल चांगलंच आहे हो बाबा. मलाच वाजवता येत नाही.”

हे वाक्य मला लागले. वस्तू नावाची आहे, जग तिची वाखाणणी करते, मग आपल्याला ती आवडत नसेल तर खोट आपल्यात, असा निष्कर्ष काढून माझी मुलगी वाद्य बाजूला ठेवत होती. ती सोळा वर्षांची असताना मी तिच्या वाजवण्याला ‘गोंगाट’ म्हटले होते. तेव्हा तिने ऐकले नाही. आता मात्र एका डबीने तिला गप्प केले.

मी जुना ऑसिलोस्कोप माळ्यावरून काढला. पेडल उघडून पाहिले आणि खोट कशात आहे ते कळले. ती पेडलमध्येही नव्हती आणि मुलीतही नव्हती. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये जन्मलेल्या ‘ट्यूब स्क्रीमर’च्या वळणाची ही रचना. तिच्यात सुमारे ७२० हर्ट्‌झच्या खालचे स्वर कापणीच्या टप्प्यावर कमी केलेले असतात, वरचे टोनच्या टप्प्यावर मऊ केलेले असतात आणि मधल्या स्वरांना उठाव मिळतो. यामागे कारण आहे. अमेरिकन वळणाच्या अनेक अ‍ॅम्पमध्ये मधले स्वर मुळात दबलेले असतात. तिथे हा उठाव खड्डा भरून काढतो. शिवाय अ‍ॅम्प आधीच खरखरण्याच्या उंबरठ्यावर असेल तर ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर आणि लेव्हल वर ठेवून त्याला नुसता धक्का द्यायचा. मग गाते ती अ‍ॅम्पची नळी. पेडल फक्त तिला बोलते करते. स्टीव्ही रे वॉन मोठ्या आवाजातल्या अ‍ॅम्पपुढे याच घराण्यातली पेडले वापरत असे.

आमच्याकडे यातले काहीच नव्हते. कन्येचा अ‍ॅम्प ब्रिटिश वळणाचा, मधले आणि वरचे स्वर आधीच पुढे. त्याला आवाजाचे बटण एकच. ज्या अ‍ॅम्पला ‘मास्टर’ म्हणून दुसरे बटण असते, त्यात आतल्या नळीला धक्का देऊन बाहेरचा आवाज कमी ठेवता येतो. आमच्यात धक्का दिला की आवाजच वाढणार आणि काकू वर येणार. म्हणून अ‍ॅम्प हळू आणि स्वच्छ ठेवायचा आणि खरखर सगळी पेडलकडूनच घ्यायची, एवढेच हाती उरले. तिथे या पेडलने खालचे स्वर काढून घेतले आणि नाकातल्या आवाजात आणखी नाक घातले. सून चांगली आणि सासरही चांगले, पण पत्रिका कोणी पाहिलीच नव्हती.

इथपर्यंत माझी मान ताठ होती. पुढे मी तीच चूक माझ्या पद्धतीने केली.

कन्येच्या मित्राकडून आणखी दोन पेडले उसनी आणली. एक रंग उडालेले, जुन्या बाजारातले, सगळ्यांत स्वस्त. मधल्या स्वरांना फारसा उठाव न देणारे. दुसरे ‘क्लॉन सेंटॉर’ची नक्कल, तरीही चांगलेच महाग. हा मूळ क्लॉन अमेरिकेत बिल फिनेगन यांनी १९९४ मध्ये आणला. साधारण आठ हजार नग बनले आणि आतली रचना कोणाला दिसू नये म्हणून तिच्यावर रेझिनचा थर ओतलेला असे. आज जुना नग हजारो डॉलरला विकला जातो. पेडल उत्तम आहे, यात शंका नाही. पण एवढ्या किमतीत ऐकण्याचा वाटा किती आणि कथेचा किती, हे कोणी सांगावे?

मी तिन्ही पेडलांत एक हजार हर्ट्‌झची लाट सोडली आणि पडद्यावर पाहिले. महागड्याची लाट सर्वांत गोलसर, देखणी. “हेच घे,” मी निकाल दिला. कन्या म्हणाली, “बाबा, तुम्ही ऐकलंत कुठे?”

मला एकदम वडील आठवले. आमच्या रेडिओला ‘मॅजिक आय’ होता. स्टेशन नीट लागले की त्या हिरव्या डोळ्यातली सावली मिटत जायची. रेडिओ सिलोन लावताना मी त्याच्यावरच नजर ठेवून काटा फिरवायचो. वडील मागून येऊन त्या डोळ्यावर तळहात ठेवायचे. “बघू नकोस. ऐक.” मग काटा केसभर बाजूला न्यायचे. शेजारच्या स्टेशनची शिटी नाहीशी व्हायची आणि गाणे स्वच्छ ऐकू यायचे. डोळा सर्वांत जोरकस जागा दाखवत होता. चांगली जागा तिच्या जरा बाजूला होती. मी तीस वर्षे टेस्टिंग केले आणि एवढे विसरलो.

मग रविवारी दुपारी आम्ही पेडलांवर चक्क टॉवेल टाकला. कन्या पाठमोरी बसून एकच ओळ वाजवणार, मी पेडले अदलाबदल करणार आणि ती पसंती सांगणार. पहिल्या फेरीत ज्याचा आवाज किंचित मोठा तेच तिला गोड वाटले. हा कानाचा जुना दोष आहे आणि दुकानात त्याचाच अनुभव येतो. म्हणून फोनवरच्या आवाज मोजणाऱ्या अ‍ॅपने तिन्हींची लेव्हल सारखी करून घेतली. मग सहा फेऱ्या. चार वेळा तिने रंग उडालेले स्वस्त पेडल निवडले, दोनदा महागडे. स्वतःचे, सहा आठवडे अभ्यास करून घेतलेले, एकदाही नाही. नंतर मी पाठमोरा बसलो. पडद्यावर मला देखणे वाटलेले पेडल मी सहांपैकी एकदाच निवडले! सौ. स्वयंपाकघरात मटार सोलत होत्या. त्यांना विचारले तर म्हणाल्या, “ते मघाचंच बरं. त्यात तिची बोटं ऐकू येतात.”

तिने स्वस्त पेडल मित्राकडून विकत घेतले. त्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मग हा लेखही एक शिफारस होईल आणि तुमच्या घरच्या अ‍ॅम्पवर ते पेडल कदाचित वाईटच वाजेल. उद्या कन्येने मोकळ्या हॉलमध्ये अ‍ॅम्प चढा लावला तर तिलाच कदाचित आधीचे पेडल हवे होईल. म्हणून तिने ते अजून विकलेले नाही.

ज्या घरात असा प्रसंग येईल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आधी आपला अ‍ॅम्प ओळखा: त्याला मास्टर आहे का, मधले स्वर पुढे आहेत की मागे, आणि घरात तो किती आवाजावर वाजणार आहे. अ‍ॅम्पला काय कमी पडते ते कळले की पेडलांची यादी आपोआप आखूड होते. पेडल ऐकायला स्वतःची गिटार घेऊन जा आणि शक्यतो आपल्या जातीच्याच अ‍ॅम्पवर, घरच्या आवाजात ऐका. अडॅप्टरवर फार काटकसर करू नका, नाहीतर गुणगुण पेडलच्या नावावर जाते. आणि व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प हौसेने उघडू नका. आत शेकडो व्होल्ट असतात आणि वायर काढल्यावरही ते काही काळ आत दडून राहतात.

आपण मुलांची शाळा निकालाच्या टक्क्यांवरून निवडतो, घर जाहिरातीवरून, डॉक्टर पाटीवरच्या पदव्यांवरून. ते सगळेच चुकीचे असते असे नाही. यादी आखूड करायला नाव आणि आकडे उपयोगी पडतात. पण शेवटचा निर्णय त्यांच्यावर सोडला आणि वस्तू जमली नाही की दोष आपण निमूटपणे स्वतःच्या माथी घेतो. मोठ्यांचे एक वेळ निभावते. बाविशीतली पोर मात्र गिटार पिशवीत घालून ठेवते आणि आपल्याला काही येत नाही असे जन्मभर मानते.

आता दर संध्याकाळी साडेसातला आमच्या घरी नळ्या तापतात. तो आवाज मला सगळाच आवडतो असे नाही. पण परवा काकू जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, “हल्ली ती वाजवते ते बरं वाटतं हो. आवाज कमी केला का?” आवाज तेवढाच आहे, हे मी त्यांना सांगितले नाही.